भाभा विवरातली दुपार

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट. उटण्याचा वास, बंबाचा धूर, पायाखाली फुटलेल्या कारिटाचा तो ओळखीचा आवाज. अंगणात उभं राहून पूर्वेकडे पाहिलं तर उजाडण्याआधी चंद्राची नखाएवढी कोर दिसली तर दिसते. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, आणि चंद्राचा पत्ता नाही. दिवाळीचे दिवे आपण लावतो ते अशा बिनचंद्राच्या रात्री.

पण अमावास्येला चंद्रावर अंधार नसतो. सूर्य तेव्हा चंद्राच्या पलीकडे असतो आणि आपल्याला कधीच न दिसणाऱ्या अर्ध्या अंगावर लख्ख ऊन पडलेलं असतं. आपली अमावास्या ही त्या बाजूची भर दुपार. त्या उन्हात, चंद्राच्या दक्षिण गोलार्धात, 55 अंश अक्षांशाच्या आसपास सुमारे 64 किलोमीटर व्यासाचं एक जुनं, झिजलेलं विवर आहे. त्याचं नाव भाभा.

या विवरातली दुपार कधी होते याचा हिशेब पंचांगावरून मांडता येतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं 12 अंशांचं अंतर. अमावास्या संपते त्या क्षणी सूर्य चंद्राच्या पाठीच्या बरोबर मधल्या रेषेवर असतो. भाभा विवर त्या रेषेच्या साधारण 15 अंश पूर्वेला आहे, म्हणून तिथे मध्यान्ह सव्वा तिथी आधी, म्हणजे वद्य चतुर्दशीलाच येते. चंद्र जागच्या जागी किंचित डुलतो, त्यामुळे थोडं मागेपुढे होईल. आपण अभ्यंगस्नान उरकून फराळाला बसतो त्या सुमारास होमी भाभांच्या विवरात दुपार झालेली असते. सूर्य तिथे डोक्यावर येत नाही. उत्तरेच्या क्षितिजापासून 35 अंशांवर थांबल्यासारखा दिसतो, आणि भोवतीचं आकाश भर दुपारीही काळंकुट्ट.

64 किलोमीटर म्हणजे किती? भाभांनी उभारलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्याला, समुद्राच्या कडेला आहे. विवराचा पश्चिम काठ तिथे टेकवला, तर पूर्वेचा काठ थेट लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर जातो. तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र, पनवेल, माथेरान, कर्जत, खोपोली, सगळं आत. मधल्या शिखरांची जागा पेण आणि पनवेलच्या मध्ये कुठेतरी. शेजारचं विवर याहून मोठं, सुमारे 91 किलोमीटरचं. त्याचं नाव बोस, आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्यावरून. दोन भारतीय शास्त्रज्ञ चंद्राच्या पाठीवर शेजारी शेजारी आहेत, आणि भारतातल्या कुठल्याही गच्चीवरून, कितीही मोठी दुर्बीण लावली तरी, दोघेही कधी दिसणार नाहीत.

चंद्र स्वतःभोवती फिरतो आणि पृथ्वीभोवतीही फिरतो, आणि दोन्हींना सारखाच वेळ लागतो. प्रदक्षिणा घालणारा माणूस देवाकडे सतत उजवा खांदा ठेवून चालतो, तसं हे आहे. गाभाऱ्यातून पाहणाऱ्याला त्याचा डावा खांदा दिसत नाही. डुलण्यामुळे काठावरचं थोडं अधिक दिसतं, पण सगळं मिळून 59 टक्के. उरलेला भाग 1959 पर्यंत एकाही माणसाने पाहिलेला नव्हता.

त्या वर्षी 7 ऑक्टोबरला सोव्हिएत संघाच्या ल्यूना-3 यानाने पलीकडे जाऊन फोटो काढले. फिल्म यानातच धुतली, वाळवली आणि प्रकाशाच्या ठिपक्याने वाचून रेडिओवरून पाठवली. चित्रं धूसर होती, पण त्यांत एक मोठी गोष्ट दिसली. आपल्याकडच्या बाजूवर जे काळे डाग आहेत, ज्यांत आपल्याला ससा किंवा हरीण दिसतं, ते पाठीवर जवळजवळ नाहीतच. तिथे विवरांवर विवरं आहेत. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी लगेच नावं दिली. मॉस्कोचा समुद्र, त्सिओलकोव्स्की, ज्यूल व्हर्न. एका उजळ पट्ट्याला पर्वतरांग समजून सोव्हिएत पर्वत असं नाव दिलं. पुढे चांगले फोटो आले आणि तिथे पर्वत नाहीच, ते उजळ मातीचे फराटे आहेत, हे कळलं. ती रांग नकाशातून पुसावी लागली.

1966 आणि 1967 मध्ये अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची पाठ नीट टिपली. एवढी विवरं समोर आली की नावं कमी पडू लागली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 1970 मध्ये पलीकडच्या बाजूसाठी कित्येकशे नावं एकदम मंजूर केली. जिवंत माणसाचं नाव सहसा द्यायचं नाही, असा नियम. भाभा त्या नियमात बसत होते, हे लिहिताना आजही जड वाटतं. 24 जानेवारी 1966 रोजी एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोईंग विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं, 117 जण गेले, त्यांत भाभा होते. वय 56. ते गेले तेव्हा त्यांच्या नावाच्या विवराचे चांगले फोटोही अजून कोणापाशी नव्हते.

झिजलेलं विवर म्हणजे काय, हे मला कागदावरून कळलं नव्हतं. ते लोणारला कळलं.

लोणार गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहून आम्ही काठावर आलो, तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. 1.8 किलोमीटर रुंद वाडगा, तळाशी खारं हिरवट पाणी, भोवती सागाची आणि बाभळीची दाटी. ईशान्येला धार. बारा महिने वाहणाऱ्या त्या झऱ्याने विवराचा काठ चिरून आत घळ पाडली आहे. पायवाटेने उतरताना पायाखाली सुटा मुरूम, मध्ये मध्ये काळा बेसाल्ट. खाली कमळजा देवीच्या देवळापाशी टेकलो, तेव्हा वर पाहिलं. चारही बाजूंनी काठ. आकाश गोल झालेलं.

हे विवर ज्वालामुखीचं की अशनीचं, यावर दीड शतक वाद होता. 1973 मध्ये इथल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आघाताच्या प्रचंड दाबाखाली खडकातलं एक स्फटिकरूप खनिज न वितळताच काचेसारखं होतं, ते हे. अशी काच निसर्गात एकाच कारणाने तयार होते, आणि ते म्हणजे आकाशातून आलेला धोंडा. बेसाल्टमध्ये कोरलेलं इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर दुसरं नाही. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच असल्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येत राहिले. आर्गॉन वायूच्या मोजणीवरून त्याचं वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. त्याआधी 50 हजार वर्षं म्हणत.

पावणेसहा लाख वर्षं. एवढ्यात धारेने काठ कापला, पावसाने मुरूम आत ओढला, तळाशी गाळ साचला. अजून काही दशलक्ष वर्षांनी तिथे वाडगा राहणार नाही. पृथ्वीवर आघाताच्या खात्रीशीर खुणा जेमतेम 200 उरल्या आहेत. चंद्रावर पडले त्याच प्रमाणात इथेही धोंडे पडले, पण पाणी, वारा, झाडांची मुळं आणि सरकणारे भूपट्ट यांनी ते सगळं पुसून टाकलं.

चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही, ओढे नाहीत. मग तिथलं विवर झिजतं कसं? मला वाटतं, या लेखात सांगण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे.

तिथे झिजवणारं पाणी म्हणजे धूळ. वाळूच्या कणाहून बारीक उल्काकण सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येऊन आदळत राहतात. पृथ्वीवर ते हवेत जळून जातात, आपण त्यांना पडता तारा म्हणतो. चंद्रावर प्रत्येक कण जमिनीपर्यंत पोहोचतो आणि दगडाचा एक सूक्ष्म टवका उडवतो. उघड्या दगडाची झीज होते दहा लाख वर्षांत साधारण एक मिलिमीटर. आपला रांजणखळगा याच्यापुढे वादळी वेगाने घडतो म्हणायचा. त्याशिवाय जवळपास कुठे मोठा धोंडा पडला की त्याचा राडारोडा येऊन बसतो, काठ बुजतो, तळ भरतो. चंद्रकंपाने उतार ढासळतात. सूर्यवाऱ्यातले कण मातीचा वरचा थर काळवंडून टाकतात. असं अब्जावधी वर्षं चालतं. नव्या विवराचा काठ सुरीच्या धारेसारखा असतो, आतल्या भिंतीवर ढासळलेल्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. जुन्याचा काठ बोथट, पायऱ्या एकमेकींत विरलेल्या, आणि त्या काठावर पुन्हा लहान लहान विवरं बसलेली. आजीच्या जात्याच्या पाळीला जशी टाकीची जुनी खूण अर्धी राहते, तसं.

लोणारची झीज विवर पुसते. चंद्रावरची झीज मात्र स्वतःचीच नोंद ठेवते. काठ किती बोथट झाला, वर किती नवी विवरं बसली, यावरून कोण आधीचं आणि कोण नंतरचं हे लावता येतं. आणि ही नोंद वाचण्याचं काम एके काळी मुंबईत झालं आहे. अपोलो मोहिमांनी आणलेल्या मातीचे आणि दगडांचे नमुने देवेंद्र लाल यांच्या गटाकडे, कुलाब्याच्या टाटा संस्थेत आले होते. विश्वकिरणातला जड कण स्फटिकातून गेला की आत एक सूक्ष्म रेघ सोडून जातो. स्फटिक रसायनात बुडवला की ती रेघ खोल होते, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. रेघा जितक्या दाट, तितका काळ तो कण चंद्राच्या पृष्ठभागाजवळ उघडा पडला होता. माती किती वेळा वरखाली झाली, दगड किती झिजला, हे त्या रेघांवरून काढत. विश्वकिरणांवर भाभांनी स्वतः आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली होती. 1937 मध्ये त्यांनी आणि वॉल्टर हाइटलर यांनी विश्वकिरणांची सर कशी फुटते याचा सिद्धांत मांडला. त्यांच्याच संस्थेत, ते गेल्यानंतर चार-पाच वर्षांत, चंद्राच्या कणांत विश्वकिरणांच्या रेघा मोजल्या जात होत्या. ते असते तर सूक्ष्मदर्शकापाशी येऊन बसले असते, असं मला मनापासून वाटतं.

आता भाभा विवर जिथे आहे ती जागा. चंद्राच्या पाठीचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे एकच प्रचंड खड्डा आहे, साधारण 2500 किलोमीटर रुंद. काश्मीर ते कन्याकुमारी त्यात जवळजवळ मावेल. दक्षिण ध्रुव आणि एटकेन विवर ही त्याची दोन टोकं, म्हणून त्याला दक्षिण ध्रुव-एटकेन महाविवर म्हणतात. चंद्रावरची ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मोठी जखम. भाभा आणि बोस या जखमेच्या साधारण मध्यावर आहेत.

एवढा मोठा धोंडा पडला, तेव्हा चंद्राचं कवच फाटून आतलं प्रावरण उघडं पडलं असणार. ते पाहायचं तर खणायला हवं, आणि चंद्रावर कोण खणणार? ते काम पुढच्या धोंड्यांनी करून ठेवलं आहे. लोणारसारख्या लहान विवरात नुसता वाडगा होतो. पण विवर काही दहा किलोमीटरचं झालं की आघातानंतर तळ उसळी घेतो, पाण्यात दगड टाकल्यावर मधून थेंब वर उडतो तसा, आणि तसाच गोठतो. भाभा विवराच्या मध्यावर जी शिखरं आहेत ती अशी, कित्येक किलोमीटर खालून वर आलेल्या खडकाची. म्हणजे महाविवराच्या पोटातला माल निसर्गाने वर आणून ठेवला आहे.

तो माल वाचला चांद्रयान-1 वरून. 22 ऑक्टोबर 2008 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या त्या यानावर अमेरिकेचं एक उपकरण होतं, चंद्रावरून परतणारा सूर्यप्रकाश रंगांच्या बारीक पट्ट्यांत वेगळा करणारं. प्रत्येक खनिज ठरावीक रंग गिळतं. दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे, एक आणि दोन मायक्रॉनच्या आसपास, पायरॉक्सिन नावाचं खनिज आपली खूण सोडतं, आणि त्या खुणेची जागा किंचित सरकली की त्यात मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम किती हे कळतं. याच उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश दाखवला, ते 2009 मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. भाभा विवराच्या शिखरांची बातमी मात्र कुठे आली नाही. संशोधकांनी महाविवरातल्या निवडक विवरांची शिखरं तपासली, त्यांत भाभा होतं. खूण निघाली मॅग्नेशियम जास्त आणि कॅल्शियम कमी असलेल्या पायरॉक्सिनची.

प्रावरण उघडं पडलं असेल तर ऑलिव्हिन सापडायला हवं, अशी पूर्वीची अपेक्षा होती. ते तिथे ठळकपणे दिसत नाही. म्हणजे एक तर चंद्राचं प्रावरण आपण समजत होतो तसं नाही, किंवा त्या आघाताने वितळलेल्या खडकाचं इतकं खोल सरोवर तयार झालं की ते थंड होताना नव्याने थर बसले, आणि आपण पाहतो ते त्या थरांपैकी. वाद मिटलेला नाही. भाभा आणि बोस यांच्या परिसरात सुमारे 75 किलोमीटर रुंद एक उंचवटाही आहे, वेगळ्याच घडणीचा. त्याचंही कारण अजून शोधलं जातं आहे. भारताच्या यानावरून भारतीय नावाच्या विवराची ओळख पटली, याचा मला अभिमान आहे. उपकरण दुसऱ्या देशाचं होतं म्हणून तो कमी होत नाही, कारण ज्या माणसाचं नाव तिथे आहे त्याने केंब्रिजमध्ये शिकून मुंबईत संस्था बांधली होती.

चीनचं चांगई-4 यान 3 जानेवारी 2019 रोजी याच महाविवरातल्या फॉन कारमान विवरात उतरलं. चंद्राच्या पाठीवर हळुवार उतरलेलं ते पहिलं यान. जून 2024 मध्ये चांगई-6 ने अपोलो नावाच्या विवरातून 1935.3 ग्रॅम माल उचलून पृथ्वीवर आणला. त्यातल्या कणांवरून महाविवराचं वय सुमारे 4.25 अब्ज वर्षं निघालं. भाभाच्या शिखराचा एकही खडा अजून कोणी आणलेला नाही.

पलीकडच्या बाजूला आणखी भारतीय आहेत. मेघनाद साहा आहेत. शिशिरकुमार मित्रा आहेत, ज्यांच्या सुमारे 92 किलोमीटरच्या जुन्या विवराचा फोटो चांद्रयान-2 ने ऑगस्ट 2019 मध्ये काढला. (चंद्रशेखर वेंकटरामन आणि विक्रम साराभाई यांची विवरं मात्र आपल्याकडच्या बाजूला आहेत.) नावं वाटताना कोणी जुळणी पाहिली नसेल, पण या नावांना ती जागा फार शोभते. बोसांनी 1895 च्या सुमारास कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी तयार केल्या. मित्रांनी आयुष्य वाहिलं ते पृथ्वीच्या आयनांबरावर, म्हणजे रेडिओलहरींना वर-खाली परतवणाऱ्या थरावर. आणि चंद्राच्या पाठीचं आजचं सगळ्यांत मोठं आकर्षण रेडिओचंच आहे. तिथे पृथ्वीचा एकही आवाज पोहोचत नाही.

हे का मोलाचं आहे, ते खोडदला गेल्यावर पटतं. नारायणगावच्या पुढे, ऊस आणि द्राक्षांच्या शेतांमधून रस्ता जातो आणि एकाएकी 45 मीटर व्यासाच्या जाळीदार थाळ्या दिसू लागतात. तीस थाळ्या, पंचवीस किलोमीटर परिसरात पसरलेल्या. आत जाताना फोन बंद करायला सांगतात. विश्वातून येणारी लहर इतकी क्षीण असते की खिशातला फोनही तिच्यापुढे कर्णा ठरतो. ही दुर्बीण टाटा संस्थेच्याच एका केंद्राची. ती उभारणारे गोविंद स्वरूप 1963 मध्ये अमेरिकेतून परतले ते भाभांच्या बोलावण्यावरून. त्यांनी आधी कल्याणला लहान थाळ्यांची ओळ उभी केली, मग उटीच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांब दुर्बीण बांधली. उटीची युक्ती ऐकण्यासारखी आहे. चंद्र सरकत सरकत एखाद्या दूरच्या रेडिओस्रोतासमोर येतो, त्याला झाकतो, पुन्हा उघडा करतो. लहर कशी मावळते आणि कशी उगवते, यावरून त्या स्रोताचा आकार काढायचा. चंद्राचा काठ हीच त्यांची फूटपट्टी होती.

आता तोच चंद्र भिंत म्हणून हवा आहे. पहिले तारे पेटण्याआधीच्या काळात विश्वात मुख्यतः हायड्रोजन होता. त्याची 21 सेंटिमीटरची लहर विश्वाबरोबर ताणून आज कित्येक मीटर लांब झाली आहे. पृथ्वीवर त्या लहरी एफएम केंद्रं आणि संदेशयंत्रांच्या गलक्यात बुडतात. आणखी लांब लहरी तर आयनांबर आतच येऊ देत नाही. चंद्राच्या पाठीवर आयनांबराचा हा अडसर नाही, आणि पृथ्वीचा गलका अडवायला साडेतीन हजार किलोमीटर जाडीचा दगड मध्ये आहे. डिसेंबर 1968 मध्ये अपोलो-8 चे तीन जण त्या बाजूला गेले, तेव्हा प्रत्येक फेरीत पाऊण तासभर त्यांना घरचा शब्द ऐकू येत नव्हता. तीच शांतता खोडदच्या माणसांना हवी आहे.

त्यातही उत्तम वेळ रात्रीची, कारण तेव्हा सूर्याचाही आवाज आड जातो. भाभा विवरात सूर्य उगवतो वद्य सप्तमीच्या सुमारास आणि मावळतो शुद्ध सप्तमीच्या सुमारास. म्हणजे भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले, आकाशकंदील अजून टांगलेला आहे, डब्यात चकलीचा चुरा उरला आहे, आणि आपल्या संध्याकाळच्या आकाशात चंद्र जवळपास अर्धा झाला आहे, तेव्हा तिथे पश्चिमेच्या बोथट काठाची सावली तळावरून पुढे सरकू लागते. मधल्या शिखरांपर्यंत यायला तिला बराच वेळ लागतो. शेवटी फक्त शिखरांच्या टोकांवर ऊन राहतं. मग तेही जातं, आणि पुढची चौदा-पंधरा दिवसांची रात्र सुरू होते.